गळतंय कुठून?

गडहिंग्लजात पावसाळा लागल्याची खबर हवामान खात्याच्या आधी मिठाची बरणी देते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढं गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. खडेमीठ तर त्याच्याही आधी पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांना पाण्याची हाव जास्त. मिरगाच्या तोंडाला बरणीच्या तळाशी पाणी दिसलं की ओळखायचं: आता चार महिने पापड सादळणार, काडेपेटीतली काडी पेटण्याऐवजी तिचा गुलच निखळून पडणार, लग्नातल्या कोटावर पांढरी बुरशी चढणार आणि गल्लीतला प्रत्येक कर्ता पुरुष मान वर करून बोलणार. यात अभिमानाचा काही भाग नाही. तो छताकडं बघत असतो.

तसं आमचं गाव घाटमाथ्यावरचं नव्हे. घाटमाथ्यावर आंबोली. तिथं वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथंच हिरण्यकेशी उगम पावते, आजऱ्यावरून आमच्याकडं येते आणि पुढं संकेश्वरच्या बाजूला कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. पश्चिमेला आजऱ्याकडची माणसं पाऊस कधी जातोय याची वाट बघतात, पूर्वेला हलकर्णीकडची तो कधी येतोय याची. आम्ही मधे. त्यामुळं आंबोलीच्या माणसानं आमच्या गळतीच्या तक्रारी ऐकल्या तर तो हसेल. पण किती मिलिमीटर पडला यावर छत गळत नाही. किती दिवस उघडला नाही यावर गळतं. हे ज्याच्या घरात पातेली मांडलेली असतात त्याला कळतं, पर्जन्यमापकाला कळत नाही.

पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असं काही निघालं की शेतकरी खूश आणि घरमालक उदास. माझं मत असं की वाहनाबरोबर ‘गळतीचे स्थान’ असाही एक रकाना पंचांगकर्त्यांनी द्यायला हरकत नाही, कारण ते बरंचसं ठरलेलं असतं. मे महिन्यातला वळीव वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि खिडक्यांच्या चौकटी तपासून जातो. मिरगात फुटलेली कौलं कळतात. तरणा, म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, अंगात आल्यासारखा कोसळतो आणि स्लॅबवरचा तुंबलेला पाइप उघडा पाडतो. त्यानंतर म्हातारा, पुष्याचा. त्याला कसलीच घाई नसते. तो रात्रंदिवस बारीक पडत राहतो आणि भिंतीत मुरतो. ऐनापूर, निलजीचे बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी पेपरात येते त्या सुमाराला आमच्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना आतून हात लावून बघावा, गार लागतात. जाणती माणसं तरण्याला भीत नाहीत. म्हाताऱ्याला भितात.

छतावर ओल उमटली की घरात माणसांची ये-जा वाढते. एरवी चहाला बोलावलं तरी न येणारे ‘बघू तरी’ म्हणून येतात, खुर्चीवर चढतात, बोटानं टकटक करतात, बोटाचा वास घेतात. वास घेऊन काय कळतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, पण न घेता कुणी खाली उतरत नाही. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या दिवाणखान्यात छतावर हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखी ओल उमटली होती. मास्तर भूगोलाचे. ते पाहुण्यांना छडीनं जिल्हे दाखवायचे. श्रावणात ओल खालच्या अंगानं वाढली आणि बेळगाव, निपाणी आत आलं. सीमाप्रश्न निदान त्या छतापुरता सुटला, म्हणून मास्तरांनी त्या वर्षी रंग दिला नाही.

पण छतावर डाग जिथं दिसतो तिथं गळत नसतं, हे समजायला माणसाला एक अख्खं घर बांधावं लागतं. आमच्याकडचे गवंडी हे एका वाक्यात सांगतात, “पाणी लई हुशार असतंय मालक. हितनं शिरतंय आन् तितनं निघतंय.” एवढं बोलून ते तंबाखू मळायला बसतात, कारण पुढचं काम अवघड असतं. पाणी स्लॅबच्या चिरेतून आत जातं, सळीच्या कडेकडेनं किंवा विजेच्या वायरींसाठी स्लॅबमधे टाकलेल्या पाइपातून आरामात चालत जातं आणि जिथं भोक दिसेल तिथून खाली उतरतं. स्लॅबला भोक असतं पंख्याच्या हुकापाशी. त्यामुळं गच्चीच्या कोपऱ्यात शिरलेलं पाणी बरोब्बर झोपायच्या खोलीत, पलंगाच्या वर, पंख्याच्या दांडीवरून ठिबकतं. पंखा चालू असला तर चारी भिंतींना समान वाटप. इथं थट्टा थोडी बाजूला ठेवतो: पंख्यातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पाणी येत असेल तर त्या खोलीचा एमसीबी आधी खाली पाडा, बादली नंतर आणा. बहुतेक घरांत बादली आधी येते.

कौलारू घरात हा घोळ नव्हता. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल, खाचेत खाच बसणारी मंगळुरी कौलं घाट चढून आमच्याकडं आली. त्याआधी नळीची कौलं होतीच. कौल फुटलं की पाणी सरळ खाली पडायचं. शोध घ्यायचीही सोय होती: भर दुपारी माळ्यावर जाऊन खिडकी लावून घ्यायची आणि अंधारात बसायचं. जिथून उन्हाचा कवडसा येतो तिथून पाऊस येणार, वाद संपला. खालून काठीनं ते कौल जरा ढकलायचं म्हणजे छपरावर चढलेल्या माणसाला कुठलं ते कळायचं. दरवर्षी वैशाखात घर शाकारून घ्यायचं हे कॅलेंडरात लिहायला लागत नव्हतं. शाकारणीवाला स्वतःच दारात येऊन उभा राहायचा, मांजरांना आणि वानरांना शिव्या देत वर चढायचा आणि खाली उतरताना ‘दोन डझन कौलं बदलली’ म्हणायचा. ती फुटकी कौलं मोजून घ्यायला म्हाताऱ्या आजी अंगणात बसलेल्या असत. दोन डझन कधी भरायची नाहीत.

मग स्लॅब आला. स्लॅब म्हणजे कायमचं काम, अशी एक समजूत त्याच्याबरोबर आली. स्लॅब ओतून घट्ट झाला की गवंडी वर सिमेंटची आळी बांधून पाणी साठवतात आणि किमान आठवडाभर तो भिजत ठेवतात. त्या आठवड्यात मालक रोज सकाळी वर जाऊन पाणी बघतो, कौतुकानं. स्लॅबला पाण्याचा लळा लागतो तो इथूनच. पुढं त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा होतो. कोब्याला पाणी वाहून जाण्यासाठी शंभर फुटाला एक फूट तरी उतार हवा. उतार काढायचा दोरीनं आणि पाण्याच्या नळीनं, पण आमच्याकडं काही कारागीर तो नजरेनं काढतात. नजर त्या दिवशी कुठं असेल त्यावर पुढची वीस वर्षं अवलंबून. पाऊस थांबल्यावर गच्चीवर जाऊन बघा: जिथं पाणी तळं करून उभं असतं आणि कडेला शेवाळाची हिरवी रेघ असते, तिथं उतार चुकला. त्या तळ्यात डास आधी शिरतात, मग पाणी खोलीत शिरतं.

पाणी जायच्या पाइपाचं तोंड हे तर स्वतंत्र प्रकरण. त्यात पेरूची पानं, पतंगाची शेपटी, वाळत घातलेल्या मिरच्यांची देठं आणि हमखास एक रबरी चेंडू. चेंडू कुणाचा हे विचारू नये. गडहिंग्लज हे फुटबॉलवेडं गाव आहे. ज्यांना मैदानापर्यंत जायला वेळ नाही ती पोरं गच्चीवर खेळतात. पाइप तुंबला की गच्चीचा हौद होतो आणि मग स्लॅबच्या बारीकशा चिरेलाही त्या पाण्याच्या वजनापुढं मान तुकवावी लागते. महिन्याला एकदा वर जाऊन जाळी साफ करणं हा गळतीवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. तो फुकट असल्यामुळं त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

याहून नाजूक विषय पिंपळाचा. कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यात पाखरं बी टाकतात, पहिल्याच पावसात दोन पानांचं रोप येतं. ते त्याच दिवशी दोन बोटांनी उपटून निघतं. पण पिंपळ उपटायचा कुणी? मालक म्हणतो गवंडी उपटेल. गवंडी म्हणतो, “आमास्नी नगं बाबा, तुमच्या घरातला हाय.” कुणीतरी त्याला पाणी घालतं. तिसऱ्या वर्षी मुळं कठडा उचलतात, भिंतीला उभी चीर जाते आणि त्या चिरेतून आलेलं पाणी बंद करायला हजारो रुपये खर्च होतात. पिंपळ मात्र तसाच असतो, आता त्याच्या बुंध्याला कुंकूही असतं.

आतापर्यंतची सगळी गळती आभाळाची. तिच्याबद्दल माणसं मोकळेपणानं बोलतात, कारण दोष आभाळाचा असतो. नळाच्या गळतीबद्दल कुणी बोलत नाही. वास्तविक ती बारमाही. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. थेंब पाव मिलिलिटरचा धरा, एकवीस-बावीस लिटर पाणी गेलं. म्हणजे एक मोठी घागर आणि वर तांब्याभर. उन्हाळ्यात हिरण्यकेशीचं पात्र कोरडं पडायला लागतं, मग आजरा तालुक्यातल्या चित्री धरणातून पाणी सोडतात आणि ते नदीतून आमच्यापर्यंत पोचतं. चित्रीचं आवर्तन कधी सुटणार यावर पारावर तावातावानं चर्चा करणाऱ्या माणसाच्या घरी, त्याच वेळी, मोरीतली तोटी त्या चर्चेला टाळ धरत असते. तोटीतला वॉशर काही रुपयांना मिळतो. पण तो बदलण्यासाठी बाहेरची चावी बंद करावी लागते, आणि बाहेरची चावी घर बांधल्यापासून कुणी फिरवली नसल्यानं ती गंजून बसलेली असते, आणि ती जोरानं फिरवली की तीच गळायला लागते. म्हणून शहाणी माणसं तोटीला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक बादलीत सोडतात. थेंब सुतळीवरून उतरतो आणि आवाज बंद होतो. घरातला प्रश्न सुटण्यासाठी एवढं पुरतं.

आता मूळ पेच. जुलैतल्या ओल्या हवेत भिंत ओली दिसते तेव्हा ती गळतीनं ओली की हवेनं? पावसाळा लागतो तेव्हा बाहेरची हवा उबदार आणि दमट, आणि घरातली शहाबादी फरशी गार. त्या फरशीला घाम सुटतो. पहाटे उठून पाय घसरला की माणूस वर बघतो, वर काहीच नसतं, मग नळाला शिव्या देतो. यावर एक साधी परीक्षा आहे. भिंत कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची, फूटभर प्लास्टिकचा कागद तिच्यावर लावून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि एक-दोन दिवस तो तसाच ठेवायचा. पाणी कागदाच्या बाहेरच्या अंगाला जमलं तर हवेचं. खिडक्या उघडा, पंखा लावा, ओले कपडे वाळत घालायची दोरी त्या खोलीतून काढा. कागदाच्या आतल्या अंगाला जमलं तर भिंतीचं. आता पैसे काढा. परीक्षा सोपी आहे, फक्त दोन दिवस घरातल्या कुणी ‘हे काय चिकटवलंय’ म्हणून तो कागद ओढता कामा नये. हे आमच्याकडं जमत नाही.

जोत्याकडून वर चढणारी ओल वेगळीच. जांभ्याच्या चिऱ्याला भोकं असतात आणि जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी चिऱ्यांतून दोन-तीन फूट वर येतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर पांढरे फुलतात. त्याला लोणा लागला म्हणतात. रंगाचे पोपडे त्या क्षारांनी आतून ढकललेले असतात, म्हणून वरून कितीही भारीचा रंग द्या, दसऱ्याला दिलेला रंग पुढच्या आषाढात झाडूनं निघतो. दुकानदाराला हे माहीत असतं. तो विचारल्याशिवाय सांगत नाही आणि विचारलं तर दुसरा रंग दाखवतो.

फ्लशच्या टाकीची चोरी पकडायला चिमूटभर नीळ पुरे. रात्री टाकीत नीळ टाकायची, सकाळपर्यंत कुणी पाणी सोडायचं नाही. भांड्यातलं पाणी निळं दिसलं तर टाकीतला रबर गेला. गच्चीवरच्या टाकीचीही अशीच परीक्षा: रात्री पाण्याच्या पातळीवर खडूची खूण, सगळे नळ बंद, सकाळी पाहणी. आणि हिवाळ्यात, आभाळ निळंशार असताना छत गळत असेल तर पावसाला दोष देऊ नये. वरच्या टाकीतला बॉलकॉक अडकला असेल आणि रात्रभर टाकी वाहत असेल. हे इतकं उघड असूनही आमच्या ओळखीच्या एका घरात डिसेंबरातल्या गळतीवर वास्तुशांत झाली होती. बॉलकॉक नंतर, जेवणाच्या पंगतीला आलेल्या प्लंबरनं बसवला.

प्लंबर. त्याच्याबद्दल लिहिताना मन भरून येतं. त्याला फोन लावला की तो कधीच ‘येणार नाही’ म्हणत नाही. “येऊलालोय की मालक, वाटंवरच हाय.” ही वाट कुठून कुठं जाते हे गडहिंग्लजच्या नकाशात सापडत नाही. दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की तो निदान कुठं भेटेल हे तरी नक्की असतं. मात्र सामना चालू असताना नळाचा विषय काढू नये. मध्यंतरात काढावा, आणि त्याचा संघ मागे असेल तर तेव्हाही काढू नये. पण एकदा आला की गडी हात काळे करून काम करतो. जुने प्लंबर सांध्याला सुतळी गुंडाळून वर सफेदा लावायचे, तो सांधा पाइप सडला तरी सुटायचा नाही. आताचे पांढरी टेफ्लॉनची फीत गुंडाळतात. ती आट्याच्या दिशेनं गुंडाळायची असते. उलटी गुंडाळली तर पाइप पिळताना ती सुटून बाहेर येते. त्याच्या हाताकडं बघत राहा. तो चिडतो, पण मग सरळ गुंडाळतो.

शेवटी, सगळे उपाय करून थकलेला गडहिंग्लजकर गच्चीवर पत्रा टाकतो. डांबर झालं, गच्चीला काळी शीट चिकटवून झाली, पांढरं रसायन फासून झालं, चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी झाली, आता लोखंडी खांब आणि वर निळा पत्रा. गावात उंचावरून बघितलं तर लाखो रुपयांचे स्लॅब खाली झाकलेले आणि वर पत्रे, असंच दिसतं. म्हणजे आजोबांनी कौलं उतरवून स्लॅब घातला, आणि नातवानं स्लॅबवर पुन्हा छप्पर घातलं. मधल्या पिढीनं फक्त गळती पाहिली. पत्र्याखाली मिरच्या वाळतात, पाहुणे झोपतात, गणपतीची आरास ठेवायला जागा होते, हे सगळं खरं. पण पत्र्याच्या बोल्टाखालचे रबरी वॉशर चार-सहा उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतात, आणि मग पत्राही गळतो. त्यावर काय टाकायचं याचा शोध अजून चालू आहे.

माझं म्हणणं इतकंच की आपण हंगाम चुकवतो. गळती शोधायची पावसात आणि बुजवायची उन्हाळ्यात. आपण पावसात बुजवायला जातो, तेव्हा ओल्या स्लॅबला काही चिकटत नाही, आणि उन्हाळ्यात गवंडी वर चढून विचारतो, “कुठं गळतंय?” तेव्हा घरातल्या चार माणसांची बोटं चार दिशांना जातात. म्हणून यंदा पावसात एक करा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्याशेजारी, पाऊस किती वाजता लागला आणि थेंब किती वाजता पडला ते लिहून ठेवा. पाच-दहा मिनिटांत थेंब आला तर उघडी चीर किंवा पाइपाचा सांधा. अर्धा दिवस लागला तर कोबा पाणी पिऊन बसलाय. पाऊस नसताना आला तर नळ किंवा टाकी. डागाभोवती पेन्सिलीनं कड काढा आणि तारीख टाका, पुढच्या पावसात तो किती वाढला ते कळेल. गच्चीवर तळं साचतं तिथं खडूनं नको, ऑइलपेंटनं गोल काढा. आणि काळभैरीची यात्रा उरकली की लगेच गवंड्याला गाठा, कॅलेंडर त्याच्या हातात द्या आणि काम ठरवून टाका. अक्षय तृतीयेनंतर तो फोन उचलत नाही.